सहायक ते थेरपिस्ट : अमेरिकेतील ऑक्युपेशनल थेरपीची पुढची पायरी

आजारपण किंवा अपघातानंतर माणसाला पुन्हा स्वतःचं स्वतः जेवता यावं, कपडे घालता यावेत, घरात वावरता यावं, यासाठी ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे व्यवसायोपचार असतो. अमेरिकेत हे काम थेरपिस्ट आणि थेरपी सहायक असे दोघे मिळून करतात. काही वर्षं सहायक म्हणून काम केल्यावर अनेकांना थेरपिस्ट व्हावंसं वाटतं. इच्छा रास्त आहे आणि वाटही उपलब्ध आहे. मात्र त्यात काही वर्षं आणि मोठी रक्कम जाते, त्यामुळे आधी नीट माहिती घ्यायला हवी.

दोघांच्या कामातला फरक

सहायकाचं शिक्षण बहुधा दोन वर्षांच्या असोसिएट पदवीचं असतं. परीक्षा आणि राज्याचा परवाना त्यालाही लागतो, पण काम थेरपिस्टच्या देखरेखीखाली करावं लागतं. रुग्णाचं मूल्यमापन आणि उपचारांची योजना ही जबाबदारी थेरपिस्टची.

पक्षाघाताने डावा हात दुबळा झालेला रुग्ण घ्या. शर्ट घालताना आधी दुबळा हात बाहीत, मग चांगला, काढताना उलट. अनुभवी सहायक हे उत्तम शिकवतो. पण आठवडा उलटला तरी डावी बाही लोंबतेच आहे. का? हातात ताकद नाही म्हणून? की ताटातलं डावीकडचं अन्नही तसंच राहतंय, म्हणजे मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही? की हात हलतो, बाही दिसते, पण आधी काय आणि मग काय हा क्रमच हरवला आहे? तिन्ही अडचणींवरचे उपाय वेगळे आहेत. कारण शोधून दिशा ठरवायची आणि त्या निर्णयाला जबाबदार राहायचं, हे पुढच्या शिक्षणाचं खरं प्रयोजन आहे.

पदवी कोणती हवी?

२००७ पासून थेरपिस्ट होण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण सक्तीचं आहे. ते मास्टर्सचं किंवा डॉक्टरेटचं असू शकतं. २०२७ पासून डॉक्टरेटच लागेल, असं अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एकोट या संस्थेने २०१७ मध्ये जाहीर केलं होतं. पुढे तो निर्णय मागे घेतला गेला. दोन्ही पदव्यांनंतरची प्रमाणन परीक्षा एकच आहे. डॉक्टरेटमध्ये १४ आठवड्यांचा स्वतंत्र प्रकल्प जास्तीचा असतो. अध्यापन, संशोधन किंवा व्यवस्थापनाकडे ओढा नसेल, तर मास्टर्सचा विचार आधी करावा.

ब्रिज अभ्यासक्रम

सहायकांना डोळ्यांसमोर ठेवून काही विद्यापीठं ब्रिज अभ्यासक्रम चालवतात. बरेचसे वर्ग ऑनलाइन, प्रात्यक्षिकांसाठी ठरावीक शनिवार-रविवारी कॅम्पसवर हजेरी, अशी रचना अनेक ठिकाणी असते. काही ठिकाणी आधी कोणत्याही विषयातली बॅचलर्स पदवी लागते. काही ठिकाणी असोसिएट पदवीवर प्रवेश देऊन राहिलेले पदवीचे विषय आणि पदव्युत्तर शिक्षण सलग पूर्ण करून घेतात. शरीररचना, शरीरक्रिया, संख्याशास्त्र, विकासात्मक आणि विकृतिविषयक मानसशास्त्र हे विषय बहुधा आधीच पूर्ण झालेले असावे लागतात.

अनुभवाने काय सुटतं, काय नाही

रुग्णाशी बोलणं, त्याला हात देऊन उठवणं, नोंदी ठेवणं यांत सहायक वर्गात पुढे असतो. पण प्रत्यक्ष रुग्णसेवेचं दुसऱ्या स्तराचं प्रशिक्षण नव्याने करावं लागतं. सहायक होताना केलेले १६ आठवडे इथे वजा होत नाहीत. थेरपिस्टसाठी पूर्णवेळ २४ आठवडे लागतात. या काळात सहसा वेतन मिळत नाही आणि नोकरी सांभाळणंही फार अवघड जातं. त्यानंतर प्रमाणन करणाऱ्या एनबीसीओटी या संस्थेची थेरपिस्टसाठीची परीक्षा आणि राज्याचा परवाना. घरखर्चाची तजवीज करताना हे २४ आठवडे आधी हिशेबात धरा.

पैशाचं गणित

अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागाच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार थेरपिस्टचं मध्यक वार्षिक वेतन सुमारे ९६ हजार डॉलर, तर सहायकाचं सुमारे ६७ हजार डॉलर होतं. शिवाय २०२२ पासून मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना बाह्यरुग्ण सेवेत सहायकाने दिलेल्या उपचारांसाठी नेहमीच्या दराच्या ८५ टक्केच रक्कम देते. थेरपिस्ट होण्याचा फायदा उघड आहे, पण फी, सुटलेला पगार आणि कर्जावरचं व्याज यांची बेरीज करूनच तो मोजावा. शिकण्याच्या खर्चात वाटा उचलाल का, हे नोकरीच्या ठिकाणी जरूर विचारा.

प्रवेशाआधी विचारायचे प्रश्न

- अभ्यासक्रमाला एकोटची मान्यता आहे का? अमेरिकेत शिकणाऱ्यांना मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाशिवाय परीक्षेला बसता येत नाही.
- किती विद्यार्थी पदवी पूर्ण करतात आणि किती जण परीक्षा उत्तीर्ण होतात?
- पूर्वी केलेले विज्ञानाचे विषय किती वर्षांपर्यंत ग्राह्य धरतात?
- प्रशिक्षणाचं ठिकाण कोण शोधतं? ते घरापासून किती लांब असू शकतं?
- प्रवास आणि मुक्काम धरून एकूण खर्च किती?

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी

या क्षेत्राशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. फिलाडेल्फियात शिकलेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातलं या विषयाचं पहिलं विद्यालय सुरू केलं. आपल्याकडे बारावीनंतर पदवी अभ्यासक्रम आणि इंटर्नशिप करून थेरपिस्ट होता येतं. अशा पदवीधरांसाठी एनबीसीओटीची वेगळी पात्रता-तपासणी आहे. अमेरिकेत गेल्यावर ‘आधी सहायक होऊ, मग बघू’ असं ठरवण्यापूर्वी आपलं शिक्षण त्या तपासणीत कुठे बसतं ते पाहावं.

निर्णय कसा घ्यावा

सहायकाचं काम स्वतःच्या जागी पूर्ण आणि मोलाचं आहे. केवळ वरच्या पदासाठी ते सोडण्याची घाई नको. अर्ज भरण्यापूर्वी आपल्या थेरपिस्टला विनंती करून काही मूल्यमापनांना शेजारी बसा. कोणती चाचणी का निवडली, कोणती शक्यता का वगळली, हे विचारा. त्यांच्या जागी आपण काय ठरवलं असतं, या विचारात तुम्ही रमत असाल, तर हे शिक्षण तुमच्यासाठी आहे.