कोळशाच्या छिद्रांत मिथेन साठतो कसा?

सीएनजी पंपावर गाडीत गॅस भरतात तो हवेच्या दाबाच्या सुमारे 200 पट दाबाने. त्यासाठी मोठा कॉम्प्रेसर लागतो आणि जड सिलिंडरही. सीएनजीतला मुख्य वायू मिथेन. उणे 82 अंश सेल्सिअसच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही. कमी दाबात तो जास्त मावावा म्हणून अधिशोषण, म्हणजे वायूचे रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागावर धरून ठेवणे, हा मार्ग आहे.

आधी पदार्थ निवडू. करवंटीपासून केलेला सक्रिय कोळसा आपण पाण्याच्या फिल्टरमध्ये पाहिला असेल. त्याच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांच्या भिंती मिळून सहज पाव एकर भरतात. छिद्र साधारण 1 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतके, रुंद असावे. तेवढ्या फटीत रेणूला दोन्हीकडच्या भिंती ओढतात.

भुकटी तशीच टाकीत ओतली तर कणांमधली जागा वाया जाते. म्हणून दाबून घट्ट वड्या करतात. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाने 2007 मध्ये दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांपासून अशा वड्या केल्या. हवेच्या अवघ्या 35 पट दाबाला त्यांत स्वतःच्या आकारमानाच्या 180 पट मिथेन मावला.

भरण्याआधी टाकीतली हवा आणि ओल ओढून काढावी लागते. मग गॅस हळूहळू सोडायचा. इथे घाई नडते: रेणू चिकटताना उष्णता बाहेर पडते, कोळशातून ती लवकर निघून जात नाही, आणि तापलेला कोळसा गॅस कमी धरतो. टाकी भरल्यासारखी वाटते, पण थंड झाल्यावर दाब उतरतो.

काढताना नेमके उलटे. रेणू सुटताना कोळसा गार पडतो आणि उरलेला गॅस आणखी घट्ट धरतो. शिवाय इंजिनाला थोडा दाब लागतोच. त्याखाली उरलेला गॅस आतच राहतो. त्यामुळे मिथेनला फार घट्ट धरणारा पदार्थ टाकीसाठी वाईटच.

सर्वांत चिवट अडचण गॅसमधल्या भेसळीची. पाइपलाइनच्या गॅसमध्ये थोडे प्रोपेन, ब्यूटेन आणि वासासाठी घातलेली गंधकयुक्त द्रव्ये असतात. ती मिथेनपेक्षा घट्ट चिकटतात, सहज सुटत नाहीत आणि दर भरणीला साचत जातात. टाकीच्या तोंडाशी कोळशाचाच वेगळा फिल्टर बसवला, तो वेळोवेळी तापवून मोकळा केला, तर मुख्य टाकी टिकते.

आता धातू आणि सेंद्रिय दुव्यांच्या सच्छिद्र चौकटीही आल्या आहेत. 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांच्यावरच्या कामालाच मिळाले. अशा पदार्थाची बातमी वाचताना आपण एक आकडा जरूर शोधावा: अनेकदा भरून-काढून झाल्यावर इंजिनापर्यंत गॅस पोहोचतो किती.