गाईंच्या कुरणातील देवालय

त्रिपुरी पौर्णिमेस दीपमाळा उजळू लागल्या की एक प्रश्न मनात उभा राहतो: देवालय टिकते ते दगडाच्या बळावर की उपासनेच्या? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस रोम नगराच्या एका जुन्या चित्रात गवसले.

चित्रकार जिओव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (१७२०-१७७८) हा पाथरवटाचा पुत्र. तांब्याच्या पत्र्यावर रोमची दृश्ये कोरून त्यांचे कागदावर घेतलेले ठसे तो प्रवाशांस विकीत असे. प्राचीन रोमचा जो मुख्य चौक, त्यास त्याच्या काळी लोक ‘काम्पो वाच्चिनो’, म्हणजे गाईंचे कुरण, म्हणत. जेथे साम्राज्याचा कारभार चाले तेथे गुरे चरत होती! भोवतालच्या मंदिरांचा संगमरवर भट्टीत भाजून त्याचा चुना केला गेला होता.

तथापि त्याच भूमीत अंशतः पुरलेले उंच खांब चित्रात ताठ उभे आहेत आणि त्यांच्यामागे एका चर्चचा दर्शनी भाग दिसतो. सम्राज्ञी फाउस्टिना निवर्तल्यावर सम्राट अँटोनिनस पायस याने इ. स. १४१ च्या सुमारास तिच्या नावे हे देवालय उभारविले. इ. स. १६१ मध्ये तोही गेला; तेव्हा तिच्या नावाच्या ओळीवर त्याच्या नावाची ओळ कोरण्यात आली. कालांतराने याच वास्तूत संत लॉरेन्सचे चर्च वसले.

मूळ देवता गेली, भिंतींचा संगमरवर गेला. ही हानी लहान नव्हे, भाविक मनास ती बोचणारच. परंतु शेजारची मंदिरे ओस पडून दगडांच्या खाणी झाल्या आणि हे खांब मात्र राहिले, याचे मोठे कारण हेच की येथे प्रार्थनेस येणारे कोणी तरी होते. १९व्या शतकात उत्खनन होऊन समोरची माती हटली. पूर्वी जमिनीलगत असलेले चर्चचे दार आज प्राचीन पायऱ्यांच्या वर अधांतरी दिसते.

सम्राटाचे धन मंदिर बांधू शकते. ते जागते ठेवणे रोज दार उघडणाऱ्याच्या हाती असते. म्हणून वाचकहो, आज दीपमाळेवर पणती ठेवाल तेव्हा जवळच्या एखाद्या दिवा न लागणाऱ्या जुन्या देवळाचेही स्मरण असू द्यावे. तेथे एक वात लावावी; आणि उद्या पुन्हा जावे.