माळवदाच्या घराची खिडकी

लातूर-धाराशिवकडे माळवदाची जुनी घरं आहेत. लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर फळ्या आणि मातीचा जाड थर. छताचं बहुतेक ओझं खांबांवर असतं. मग दगडी भिंतीत खिडकी कुठंही पाडली तर काय बिघडलं?

बिघडतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीकडे भूकंप झाला. भिंती कोसळल्या. झोपलेली माणसं दगडमातीखाली गेली. कोपरा म्हणजे दोन भिंतींची गाठ. तिथं खिडकी पाडली की गाठ सैल होते. कोपऱ्यापासून निदान दोन हात जागा सोडा. कोपऱ्यात जुनी खिडकी असेल तर नीट सांधून बुजवा.

पश्चिमेला खिडकी नको. दुपार कलली की ऊन आडवं येतं, छज्जाला जुमानत नाही. पावसाची झडही तिकडूनच येते. उत्तरेला आणि दक्षिणेला समोरासमोर खिडक्या ठेवा. वारा आरपार जातो. चोराच्या भीतीनं कित्येकजण खिडकीच ठेवत नाहीत, आणि घरची बाई चुलीच्या धुरात डोळे चोळत बसते! आम्ही म्हणतो, गज बसवा, पण खिडकी ठेवा.

उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं. चौकट आणि भिंत यांत फट पडते. तिच्यातून झळ येते, विंचूही येतो. भुसा घालून मळलेली माती त्या फटीत दाबून भरा. पावसाळा संपला की पुन्हा बघा, भिजलेली माती गळून पडते.