अळंबें : अन्न कीं औषध?

पावसाळा सुरू झाला कीं सातारा जिल्ह्यांत पाटण-जावळीकडे आणि सांगली जिल्ह्यांत शिराळ्याकडे डोंगरउतारांवरील वारुळांवर पांढऱ्या छत्र्या उगवतात. वाळवी आपल्या अन्नासाठीं वारुळांत ज्या बुरशीची लागवड करते, तिचींच हीं फळें होत.

अळंब्यांत औषधी गुण आहेत काय, असा प्रश्न हल्लीं वारंवार विचारला जातो. ताज्या अळंब्यांत शेंकडा ९० भाग पाणी असतें. उरलेल्या भागांत प्रथिनें, तंतू आणि ब वर्गांतील जीवनसत्त्वें असतात. त्यांतील अर्गोस्टेरॉल या द्रव्यापासून उन्हाच्या योगानें ड जीवनसत्त्व बनतें. म्हणून बाजारांतून आणलेलीं धिंगरी अळंबीं चिरून कांहीं वेळ उन्हांत ठेवणें हितावह होय.

जपानांत १९८५ सालीं शिताके अळंब्यांतील लेंटिनान या द्रव्यास जठराच्या कर्करोगावरील पूरक उपचार म्हणून मान्यता मिळाली होती. परंतु तें शुद्ध करून शिरेवाटें, इतर औषधांच्या जोडीनें दिलें जाई. डब्यांतील चूर्णानें तेंच कार्य होतें असें सिद्ध झालेलें नाहीं. त्यावर विसंबून चालू उपचार सोडणें घातक ठरेल.

रानांतील अळंबें खात्रीच्या ओळखीवांचून खाऊं नये. विषारी अळंब्यानें रुप्याचें नाणें काळें पडतें, हा समज खोटा आहे. कांहीं विषें शिजवूनहि नष्ट होत नाहींत; कांहींचीं लक्षणें ६ ते २४ तासांनीं दिसतात. शंका येतांच, ओकारीची वाट न पाहतां, उरलेलें अळंबें सोबत घेऊन रुग्णालय गांठावें.