दाबलेलं अक्षर जातं कुठे?

पडद्यावर चौकटी दहा, कीबोर्ड मात्र एक. दाबलेलं अक्षर ज्या चौकटीत उमटतं, तिच्याकडे त्या क्षणी ‘फोकस’ असतो. तो कोणाला द्यायचा, हे कुणीतरी आधी लिहून ठेवावं लागतं.

जावा प्रोग्रामरांच्या ओळखीचं, प्रोग्राम लिहिण्याचं सॉफ्टवेअर ‘एक्लिप्स’ घ्या. त्याच्या जुन्या तिसऱ्या पिढीत उपखिडकीचा क्लास सहसा ‘व्ह्यूपार्ट’चा वारसदार असे आणि त्यात ‘सेटफोकस’ ही मेथड लिहावीच लागे. आत काही नसलं तरी चालेल, पण हजेरी सक्तीची!

2012 साली ‘जूनो’ म्हणजे 4.2 आवृत्ती आली आणि वारशाची गरज उरली नाही. क्लास साधा, मेथडचं नाव काहीही. तिच्या डोक्यावर फक्त ‘@फोकस’ ही चिठ्ठी. अशा चिठ्ठ्यांना अ‍ॅनोटेशन म्हणतात. जावात त्या 2004 पासून आहेत. चिठ्ठी स्वतः काहीच करत नाही. तुम्ही उपखिडकीच्या टॅबवर क्लिक केलंत की एक्लिप्सचं फ्रेमवर्क त्या क्लासमध्ये ती शोधतं आणि जिच्यावर सापडेल ती मेथड चालवतं. मेथड मग एखाद्या मजकूरचौकटीला फोकस देते, कर्सर लुकलुकू लागतो.

सोय झाली, पण पहारेकरीही गेला. पूर्वी मेथड विसरलात तर कंपायलर अडवायचा. चिठ्ठी विसरलात तर तो गप्प. खिडकी उघडते, छान दिसते, आणि टाइप केलेलं भलतीकडे जाऊ शकतं. माउसवाला एक क्लिक जास्त करतो. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबलेला अंध वापरकर्ता मात्र टॅबची कळ दाबत चौकट शोधत राहतो.