गोचिडीवर बुरशीचा उतारा

श्रोतेहो, परळ म्हटले की गिरण्या आठवतात. लोअर परळच्या गिरण्यांची धुरांडी केव्हाच थंडावली. तिथे आता उंच इमारती उभ्या आहेत. पण लोहमार्ग ओलांडून पूर्वेला परळात गेले, की दोन जुन्या संस्था अजून आपले काम करताना दिसतात. एक, १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय. दुसरी, हाफकिन संस्था. जिच्या नावात हाफकिन आहेत, त्या वाल्डेमार हाफकिनांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस तयार केली, हे शिक्षकांना ठाऊक असेलच. आजच्या विषयाचा धागा या हाफकिनांच्या गुरूंपर्यंत जातो.

गुरूंचे नाव इल्या मेचनिकॉफ. काळ्या समुद्राकाठी ओडेसा शहरात ते शिकवीत. त्या मुलखात गव्हाच्या पिकावर भुंगेऱ्यांनी धुमाकूळ घातला होता. या किडीला एक हिरवी बुरशी मारते, असे मेचनिकॉफ यांना आढळले आणि १८७९ साली त्यांनी तिचे वर्णन केले. तिलाच आज मेटारायझियम म्हणतात. उसातल्या हुमणीसाठी ती वापरतात, म्हणून हे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या कानावरून गेले असेल. हीच बुरशी गोचिडीलाही मारते. कशी मारते आणि कुठे मारते, एवढेच आज पाहू.

आधी शत्रूची ओळख. गोचीड कोळी-विंचवाच्या गोतातली. पुरी वाढली की तिला आठ पाय असतात. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी जनावरावरून गळून पडते, गोठ्याच्या फटीत किंवा गवताच्या बुडाशी दडते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून निघालेली बारीक पिले जनावराची वाट पाहत बसतात. म्हणजे गाईच्या अंगावर दिसतात त्याहून कितीतरी अधिक गोचिडी खाली जमिनीवर असतात. हे ध्यानात ठेवा. पुढचे सारे यावरच उभे आहे.

नुकसान नुसत्या रक्ताचे नाही. गोचिडीच्या चाव्यातून थायलेरियोसिस म्हणजे गोचीड ताप येतो, लाल लघवीचा बबेसियोसिस येतो. खिलार, डांगी अशी आपली देशी जनावरे पुष्कळ तग धरतात. संकरित गाय लवकर खचते. खांद्यापुढची गाठ सुजते, दूध आटते, उपचाराला उशीर झाला तर गाय हातची जाते. आणि कर्ज काढून घेतलेली गाय गेली, तर हप्ते काही थांबत नाहीत!

मग आपण औषध फवारतो. त्यात बहुतेक गोचिडी मरतात, पण थोड्या चिवट उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. काही वर्षांनी तेच औषध लागू पडत नाही. माणूस मात्रा वाढवतो; तिचा अंश दुधात उतरतो, पण गोचीड काही हटत नाही.

बुरशीची रीत निराळी. तिचे बीज, म्हणजे बीजाणू, गोचिडीच्या कातडीला चिकटतात. ओल मिळाली की त्यांना मोड येतो. तो मोड पाचक रस सोडून कातडी भेदतो, आत तंतू पसरतात, आणि काही दिवसांत गोचीड मरते. हवा दमट असेल तर मेलेल्या गोचिडीवर पुन्हा हिरवे बीजाणू धरतात. अंडीही या बुरशीच्या तडाख्यातून सुटत नाहीत.

मग कुणी म्हणेल, फवारा गाईच्या पाठीवर आणि झाले! नाही. इथेच फसगत होते. प्रयोगशाळेत बुरशी जितकी चालते, तितकी ती जनावराच्या अंगावर चालत नाही. तिला ओल हवी आणि बेताची ऊब हवी. गाईची पाठ असते कोरडी आणि गरम. उन्हाने तर बीजाणू मरतातच. म्हणून बुरशीची खरी जागा गोठ्याची जमीन, भिंतीच्या फटी आणि गव्हाणीची सांद. तिथे सावली असते, ओल असते, आणि गोचिडीची अंडीही तिथेच असतात.

तेव्हा करायचे काय? फटी आधी साफ कराव्या आणि वेष्टनावरची मुदत पाहूनच माल घ्यावा. बुरशी जिवंत वस्तू आहे; तिला थंड, सावलीच्या जागी ठेवावे. फवारणी संध्याकाळी करावी. त्याच सुमारास फिनेल किंवा बुरशीनाशक टाकू नये, नाहीतर आपणच पेरलेले आपणच मारू. घरी रेशमाचे किडे असतील तर फार जपावे. याच जातीच्या बुरश्या त्यांनाही मारतात. बाजारातला माल बहुधा पिकांसाठी असतो, म्हणून मात्रा पशुवैद्यकाला विचारून ठरवावी आणि त्यांच्या सांगण्याशिवाय जनावराच्या अंगावर काही मारू नये. तापलेल्या गाईवर बुरशीचा उपयोग नाही. तिला डॉक्टरच हवा. गोचीड उघड्या बोटांनी चिरडू नये. तिच्यापासून माणसालाही रोग होतात.

शिक्षक मित्रांनो, वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. भाकरीचे दोन तुकडे घ्या. एक ओला करून सावलीत झाकणाच्या बरणीत ठेवा, दुसरा उन्हात कडक वाळवून दुसऱ्या बरणीत ठेवा. चार-सहा दिवसांनी बरण्या न उघडता मुलांना दाखवा. ओल्या तुकड्यावर बुरशी धरलेली दिसेल, वाळलेल्यावर नाही. बुरशी गोठ्यात का चालते आणि पाठीवर का अडते, हे मुलांना न सांगता कळेल, आणि मुले ते घरी जाऊन सांगतील.

मंडळी, बुरशी जादू नव्हे. एका रात्रीत ती गोचिडी झाडून नेणार नाही. पण स्वच्छ गोठा, वेळेवर उपचार आणि जोडीला ही बुरशी, असे तिन्ही धरले तर औषधाचा खर्च आणि विष दोन्ही कमी होतील. गाईच्या पाठीकडे तर आपण रोज पाहतोच. उद्यापासून तिच्या पायांखालच्या जमिनीकडेही पाहू या.