घटातलं पिवळं धान आणि फायटोक्रोम

आजचा भाग काशीच्या अहिल्याबाई घाटावरून. विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं करणाऱ्या अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा हा घाट. नवरात्रात आपल्याकडे घटाभोवती धान पेरतात, इकडे जव पेरतात. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातलं धान उंच, नाजूक आणि पिवळं येतं. उन्हात पेरलेलं बुटकं आणि हिरवं. रोपाला उजेड कळतो कसा?

त्यासाठी रोपात फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं. 660 नॅनोमीटरच्या आसपासच्या तांबड्या प्रकाशाने ते जागं होतं, 730 च्या आसपासच्या गडद तांबड्या प्रकाशाने पुन्हा निजतं. 1959 मध्ये अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथे ते यंत्रावर प्रथम दिसलं, तेही अंधारात वाढवलेल्या पिवळ्या रोपांत. हिरव्या पानात ते फार थोडं असतं, शिवाय हरितद्रव्यही तोच तांबडा प्रकाश शोषतं. मग यंत्राला दिसणार काय?

इथे प्रतिपिंडं कामाला आली. पद्धत अशी: अंधारातल्या ओटच्या कोंबांतून फायटोक्रोम शुद्ध करायचं आणि सशाला टोचायचं. सशाचं शरीर त्याला परकं समजून प्रतिपिंडं तयार करतं. ती रक्तातून वेगळी काढायची आणि त्यांना रंगाची खूण जोडायची. फायटोक्रोम असेल तिथे ती चिकटतात आणि जागा दाखवतात.

आता खरी गंमत. ओटच्या हिरव्या पानांवर ही प्रतिपिंडं नीट चिकटेनात. फायटोक्रोम उजेडात नष्ट होतं, असं म्हणून विषय संपवता आला असता. पण उजेडाला प्रतिसाद तर हिरवी पानंही देत होती! आम्ही फौजेत गस्तीच्या अहवालात एक फरक कटाक्षाने पाळायचो: ‘शत्रू दिसला नाही’ म्हणजे ‘शत्रू नाही’ असं नव्हे. शास्त्रज्ञांनीही तेच केलं. 1985 मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की हिरव्या ओटमधलं बरंचसं फायटोक्रोम वेगळ्याच जातीचं आहे. पहारेकऱ्याला एकाच गणवेशाची ओळख होती; दुसऱ्या गणवेशातला जवान त्याला ओळखू येईना. पुढे अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात फायटोक्रोमची पाच जनुकं सापडली.

याचा शेतीशी संबंध काय? रात्री दिवे लावून शेवंतीची फुलं लांबवतात, तेव्हा रात्र मोडल्याची खबर हीच प्रथिनं झाडाला देतात. कुठलं प्रथिन कुठे आहे, हे कळलं तर दिवा कुठल्या रंगाचा हवा आणि किती वेळ हवा, हेही नेमकं ठरवता येतं.

म्हणून मंडळी, कुठल्याही तपासणीचा निकाल ‘नाही’ आला, तर आधी एक प्रश्न विचारा: ही तपासणी नेमकं काय ओळखते?